मेट्रो आली तर आमच्या घरातलं कोण बसणार?



२०२५ च्या २६ नोव्हेंबरला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळी परत आली. केंद्रीय मंत्रिमंडळाने खडकवासला ते खराडी मेट्रोला मंजुरी दिली होती. पहिली दहा मिनिटं नुसते फटाके आणि फुलं. पुढची दहा मिनिटं ‘अभिनंदन’. त्यानंतर जो विषय निघाला तो रात्री अकरापर्यंत चालला: आता आपल्या फ्लॅटचा भाव काय होईल?

मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. बातमी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या मूग निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी एकच विचारलं, “जिने किती चढायचे?”

मला उत्तर देता आलं नाही. आणि मग जाणवलं की ग्रुपवरच्या एवढ्या मेसेजमध्ये कुणीही हे विचारलं नव्हतं. त्या मेट्रोत आपल्यापैकी कोण बसणार, कुठे जायला, दिवसाच्या कुठल्या वेळी, हातात काय काय घेऊन? सगळ्यांनी ती फ्लॅटच्या खिडकीतून पाहिली होती. आत बसलेली कुणी दिसत नव्हती.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खडकवासल्याहून निघालेली ही गाडी दळवेवाडी, नांदेड सिटी, धायरी फाटा, माणिकबाग, हिंगणे चौक, राजाराम पूल, पु. ल. देशपांडे उद्यान, दांडेकर पूल करत स्वारगेटला येणार. पुढे सेव्हन लव्हज चौक, कॅम्प, रेसकोर्स, फातिमानगर, रामटेकडी, हडपसर, मगरपट्टा आणि शेवटी खराडी. शिवाय नळस्टॉपहून वारज्यावरून माणिकबागेला येणारा एक फाटा. दोन्ही मिळून ३१.६ किलोमीटर, २८ स्टेशनं, सगळी पुलावरची. खर्च ९,८५७ कोटी रुपये, मुदत पाच वर्षं. मंजुरीच्या कागदात असाही अंदाज आहे की २०२८ मध्ये या दोन मार्गांवर रोज ४.०९ लाख लोक प्रवास करतील. काम संपायला पाच वर्षं आणि प्रवासी तीन वर्षांतच! हा हिशोब आमच्या ह्यांना दाखवला तर ते म्हणाले, “असा उधारीचा हिशोब मी दुकानात लिहिला असता तर वडिलांनी वही फेकून दिली असती.”

पण त्या चार लाखांत आपण सगळ्या आहोत हे लक्षात घ्या. कागदावर आपण आत्ताच त्या गाडीत बसलेल्या आहोत. प्रत्यक्षात आपण आज कशा फिरतो, ते मी माझ्याच घरापासून सांगते.

आमच्या घरात माणसं पाच आणि गाड्या चार. ह्यांची मोटरसायकल, माझी ॲक्टिव्हा, लेकीची स्कूटी, आणि एक कार, जी आठवड्यात सहा दिवस खाली झाकून उभी असते. धाकट्याला अठरावं लागलं की पाचवी येईल, त्याने मॉडेलसुद्धा ठरवून ठेवलंय. हे मी अभिमानाने सांगत नाही आणि लाजूनही नाही. पुण्यात असंच असतं. एकेकाळी हे सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. माझे सासरे गुरुवार पेठेतून भवानी पेठेत पेढीवर सायकलनेच जात. आणि २०१८ मध्ये बातम्या आल्या होत्या की पुण्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या.

आम्ही पेठेत होतो तेव्हा ॲक्टिव्हा नव्हती मला. लागलीच नाही. देरासर चालत, मंडई चालत, शाळा चालत, डॉक्टर चालत. माहेर बसने. मग मुलं मोठी झाली, दोन खोल्या पुरेनात, आणि त्या पैशांत पेठेत तीन खोल्या मिळणं शक्य नव्हतं. म्हणून आलो इकडे धरणाजवळ. सासूबाई तयारच नव्हत्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्यामागे खडकवासलाही फुटलं, तेव्हा त्या शाळेत जाणाऱ्या मुलगी होत्या. पाणी पाहिलेलं आहे त्यांनी. “ज्याने आम्हाला घर सोडायला लावलं त्याच्याच पायथ्याशी घर घेताय,” असं म्हणाल्या होत्या. पण आल्या.

खडकवासला, किरकटवाडी, नांदेड ही गावं २०२१ च्या जूनमध्ये महापालिकेत आली. तोवर इमारती आधीच आल्या होत्या. आपल्याकडे आधी माणसं येतात, मग रस्ता, मग ड्रेनेज, मग पाणी. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची साथ आली तेव्हा याच भागाचं नाव देशभर पेपरात होतं. आमच्या घरी पाणी उकळून, गाळूनच प्यायची रीत, त्यामुळे तेव्हा शेजारणी माझ्याकडे विचारायला यायच्या, किती वेळ उकळायचं. विषय तो नाही. विषय हा की शहराने आम्हाला शहर म्हटलं, पण शहरात जायचा रस्ता एकच ठेवला. सिंहगड रस्ता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी. त्याला समांतर दुसरा सरळ मार्ग नाही. त्यात पावसाळ्यातला रविवार आला की अख्खं पुणे कणीस आणि कांदाभजी खायला धरणावर. कांदाभजी आम्ही खात नाही, पण त्यांच्यामुळे तीन तास घराबाहेर पडता येत नाही हे मात्र नक्की.

आता बघा, या एका रस्त्याने आमच्या घराचं काय केलं.

लेक खराडीला नोकरीला लागली. कंपनी चांगली, पगार चांगला. पहिले सहा महिने ती स्कूटीवरून गेली. पंचवीस किलोमीटर जायचं, पंचवीस यायचं. सकाळी दीड तास, संध्याकाळी दोन. पावसाळ्यात एकदा गाडी घसरली. देवाच्या कृपेने गुडघा सोलण्यावर निभावलं. त्याच आठवड्यात आम्ही तिच्यासाठी खराडीत पीजी पाहिला. एकाच शहरात आईबापाचं घर असताना मुलगी पैसे भरून परक्या खोलीत राहते! मी शनिवारी तिची वाट बघते आणि रविवारी रात्री खाकरे, मेथीच्या पुऱ्या, मुगाचे लाडू भरून तिला परत पाठवते. तिथल्या जेवणात बटाटा-कांदा असतो. चौविहार सुटलाच. ती मला सांगत नाही आणि मी विचारत नाही.

ह्यांचं दुकान मार्केट यार्डात. त्यांचा चौविहार टिकला, पण कसा? माझ्या डब्यांमुळे. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमाराला. त्या वेळी राजाराम पुलाशी अडकलेल्या माणसाने जेवायचं कुठे? म्हणून मी रोज दोन डबे देते. एक दुपारचा, एक साडेपाचला दुकानात बसून खायचा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली. पेठेत होतो तोवर संध्याकाळी आम्ही एकत्र ताटावर बसायचो. आता फक्त रविवारी.

आणि सासूबाई. त्यांच्यासाठी या रस्त्याने सगळ्यात सोपा उपाय काढला: त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. चातुर्मासात गोडीजीच्या मंदिरात व्याख्यान, त्यांच्या मैत्रिणी, बहीण, सगळं गुरुवार पेठेत. आधी महिन्यातून चारदा जायच्या. मग दोनदा. मग पर्युषणात. आता कुणी कारने नेलं तर. त्यांनी कधी तक्रार केली नाही, हेच मला लागतं.

अशा घराने मेट्रो आली म्हणून नाचायला हवं ना? नाचलोच. लेकीने लगेच हिशोब केला. मेट्रोचा सरासरी वेग ताशी तीस-बत्तीस किलोमीटर धरला तर घर ते खराडी पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. पडायची भीती नाही, पाऊस नाही, हेल्मेट नाही. सध्या पुण्यात मेट्रोचं तिकीट दहा रुपयांपासून पस्तीसपर्यंत आहे. या लांब मार्गाला थोडं जास्त धरलं तरी स्कूटीच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त. मग ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “पण मम्मी, पाच वर्षांनी मी या घरात असेन का?”

मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले.

पुढच्या आठवड्यात आमची भिशी होती. मी मुद्दाम विषय काढला. आमच्या भिशीत सगळ्या सिंहगड रस्त्यावरच्या, खडकवासल्यापासून आनंदनगरपर्यंतच्या. मेट्रो हवी का? सगळ्यांचे हात वर. तुम्ही स्वतः रोज तिने जाल का? मग कारणं सुरू झाली. एकीचं पार्लर वारज्यात, पण घरून वाकड्या वाटेने. एकीला मुलाला क्लासला सोडून पुढे भाजी घेऊन सासऱ्यांचं औषध आणायचं असतं. एक म्हणाली, “पूजेची पेटी घेऊन गर्दीत कशी जाऊ? धक्का लागला तर?” एकीचं म्हणणं, “माझे मिस्टर गेले तर बरं, निदान गाडी तरी मला मिळेल.” यावर सगळ्या हसल्या, आणि तेवढ्यात एक जण खरं बोलून गेली: “बाकीच्यांनी मेट्रोने जावं ग. रस्ता मोकळा झाला की आपली ॲक्टिव्हा सुसाट.”

मैत्रिणींनो, मला वाटतं अख्ख्या पुण्याची मेट्रोबद्दलची भावना या एका वाक्यात आली. मेट्रो हवी, शेजाऱ्यासाठी.

तिला हसण्याआधी मी माझा एक दिवस लिहून काढला. सकाळी धाकट्याला कॉलेजच्या बसला सोडलं. तिथून पाठशाळेत अर्धा तास, मग बँक, मग दळण टाकलं, मग नणंदेकडे लोणच्याची बरणी दिली, येताना दळण घेतलं, वाटेत पालेभाजी निवडून घेतली (मातीची निघाली तर परत देता येते म्हणून ओळखीच्या मावशींकडूनच), घरी. सहा ठिकाणं, एकही जागा मेट्रोच्या रेषेवर नाही. मेट्रोवाल्यांच्या मनातला माणूस सकाळी एका जागेहून निघतो, दुसऱ्या जागी पोचतो, संध्याकाळी परत येतो. खांद्याला एक बॅग. तो माणूस माझी लेक आहे. मी नाही. ह्यांचंही तसं पूर्ण जमत नाही. स्वारगेटला गाडी बदलून मार्केट यार्डला जाता येईल, कात्रजच्या भुयारी मार्गावर ते स्टेशन आहेच. पण दुपारी वसुलीला नाना पेठ, रविवार पेठ फिरायची असते. “वसुलीला मेट्रो येते का?” असं म्हणतात.

तर मग मेट्रो आपल्या कामाची नाही, असं मी म्हणतेय का? नाही. मी म्हणतेय की आपल्यासारख्यांचा प्रवास जर तिने धरायचा असेल तर तिच्या दोन्ही टोकांना काय आहे हे महत्त्वाचं. आणि त्याबद्दल आपण तोंड उघडत नाही. भाव वाढेल एवढ्यावरच खूष.

पुण्याने याआधीही मोठ्या गोष्टी आणल्या आहेत. २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली, देशातली पहिली म्हणून. आम्ही पेढे वाटले नव्हते, पण कौतुक होतं. पुढे काय झालं? बसला वेगळी वाट दिली, पण त्या वाटेवर आपणच दुचाक्या घातल्या. रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत जायचं तर जीव मुठीत. नगर रस्त्यावरची तर शेवटी काढूनच टाकली. विद्यापीठ चौकातले पूल २०२० मध्ये पाडले, मेट्रोसाठी. पूल बांधायचे, पाडायचे, परत बांधायचे. आणि आता आपल्या सिंहगड रस्त्यावर उड्डाणपूल टप्प्याटप्प्याने खुला होऊन थोडा श्वास घेतोय तोच, मेट्रोच्या खांबांसाठी परत पत्रे लागतील. या पाच वर्षांचं काय, हे कुणी सांगत नाही. रस्ता अर्धा झाल्यावर आमच्या इथल्या शाळेच्या व्हॅन, ॲम्ब्युलन्स, आणि साडेपाचचा डबा, सगळं त्याच अर्ध्या रस्त्यातून.

बसचं बघा. पीएमपीच्या गाड्या आमच्याकडे येतात, अगदी धरणापर्यंत, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत. १ जून २०२५ पासून कमीत कमी तिकीट पाचाचं दहा झालं. दर महिन्याच्या ८ तारखेला बायकांना तेजस्विनी बस फुकट असते. आमच्या भिशीत निम्म्या जणींना हे माहीतच नव्हतं, कारण त्या बसमध्ये बसल्यालाच कित्येक वर्षं झाली. बसने न जाण्याचं कारण तिकीट नाहीच. कारण हे की बस कधी येईल ते माहीत नाही, थांब्यावर सावली नाही, आणि घरापासून थांब्यापर्यंत चालायला जागा नाही. या तीन गोष्टी मेट्रो आल्यावरही तशाच राहिल्या तर स्टेशनापर्यंत आपण जाणार कशा? परत ॲक्टिव्हाने. आणि ती ठेवणार कुठे? आत्ताच्या बहुतेक स्टेशनांशी पार्किंग नाही ही पुणेकरांची जुनीच ओरड आहे. पार्किंग दिलंच तरी स्टेशनाखालचा रस्ता गाड्यांनी भरेल, तो वेगळाच.

म्हणून माझं मत असं की मेट्रोचे खांब उभे राहण्याच्या आधी दोन कामं व्हायला हवीत, आणि दोन्ही त्या ९,८५७ कोटींच्या मानाने चिल्लर आहेत. धायरी, किरकटवाडी, नांदेड, कोल्हेवाडी इथल्या आतल्या रस्त्यांवर फिरणाऱ्या छोट्या बस, दर दहा-पंधरा मिनिटांनी, आत्तापासून. मेट्रो आल्यावर नव्हे. सवय लागायला पाच वर्षं लागतात; ती पाच वर्षं आयती मिळतायत. लोकांना आधी बसमध्ये बसायची सवय लावा, मग मेट्रोत बसवायला जाहिराती कराव्या लागणार नाहीत. आणि दुसरं, सिंहगड रस्त्याला दोन्ही बाजूंनी खरा फुटपाथ. टाइल्सचे तुकडे नव्हेत. मधेच डीपी, मधेच टपरी, मधेच पायरी असा नव्हे. साध्वीजी पानशेतकडून विहार करत येतात तेव्हा या रस्त्याच्या कडेने, डंपरच्या वाऱ्यात चालतात. पहाटे त्यांच्याबरोबर चालणाऱ्या आपल्या मुली हातात टॉर्च घेऊन गाड्यांना बाजूला करत असतात. महाराज साहेबांना मेट्रो कधीच लागणार नाही. फुटपाथ लागतो. आणि ज्याला मेट्रो लागते त्यालाही आधी फुटपाथच लागतो.

हे मला कागदावरून कळलं नाही. सासूबाईंमुळे कळलं.

त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून एका रविवारी मी ठरवलं की त्यांना मेट्रो दाखवायचीच. शनिवार-रविवारी तिकिटात तीस टक्के सूट असते, ही त्यांना पटलेली पहिली गोष्ट. सकाळी लवकर कार काढली, धरणाची गर्दी सुरू होण्याआधी. स्वारगेटला कार लावली आणि खाली गेलो. सरकता जिना पाहून त्या दोन पावलं मागे सरल्या. तिथल्या गणवेशातल्या मुलीने लिफ्ट दाखवली. “आजी, इकडून या.” लिफ्टने खाली, गाडीत, बसायला जागा मिळाली. एका तरुण मुलाने उठून दिली. पुढचंच स्टेशन मंडई. उतरलो, परत लिफ्टने वर. सगळं मिळून दहा मिनिटं. एकही पायरी चढावी लागली नाही. सासूबाई वर आल्यावर मंडईकडे बघत उभ्या राहिल्या. “एवढंच?” म्हणाल्या. नऊ वर्षं हा गाव त्यांना लांब वाटत होता.

मी गोडीजीला जायला रिक्षाला हात केला. त्यांनी माझा हात खाली धरला.

“दोन झाली.”

ज्यांच्या घरी चौदा नियम घेतात त्यांना लगेच कळेल. आमच्या सासूबाई रोज सकाळी नियम धरतात, त्यात वाहनांची संख्याही असते. रोज बाहेर पडत नाहीत म्हणून ‘वाहन दोन’ ही त्यांची वर्षानुवर्षांची मर्यादा. एका जातीचं वाहन एकच धरायचं, असा हिशोब. कार एक, मेट्रो दोन. रिक्षा धरली तर तीन. नियम मोडायचा नाही.

मग चाललो. धडधाकट माणसाला दहा-पंधरा मिनिटांची वाट. आम्हाला पस्तीस मिनिटं लागली. फुटपाथ होता, पण त्यावर दुचाक्या उभ्या होत्या, एकमेकींना टेकून, जणू त्यांच्यासाठीच बांधलेला. जिथे गाड्या नव्हत्या तिथे विक्रेते, त्यांचाही पोटाचा प्रश्न. जिथे तेही नव्हते तिथे उंची एवढी की सासूबाईंचा पाय चढेना. म्हणून रस्त्यावरून चाललो, माझा हात धरून, मागून हॉर्न. एकदा एक स्कूटी इतक्या जवळून गेली की त्यांचा पदर ओढला गेला. स्कूटीवर माझ्याच वयाची बाई होती, पायाशी भाजीची पिशवी. मीही अशीच जाते. अगदी अशीच, पिशवीसुद्धा त्याच जागी.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या पस्तीस मिनिटांत मिळालं. स्टेशनात जिने शून्य. बाहेर मोजता येणार नाहीत एवढे.

मंदिरात त्यांना बघून त्यांच्या दोन जुन्या मैत्रिणी अक्षरशः धावत आल्या. धावायचं वय कुणाचंच नव्हतं. दर्शन झालं, तासभर गप्पा झाल्या. परत जाताना मी मनात म्हटलं, आता पुन्हा पस्तीस मिनिटं. पण त्या एका मैत्रिणीचा हात धरून चालत होत्या, मी मागे पिशव्या घेऊन, आणि त्यांना घाई नव्हती.

त्या दिवसापासून माझ्यात फार सुधारणा झाली आहे असं समजू नका. आठवड्यातून दोनदा शहरात जायला बस धरायची, असं मी ठरवलं होतं. पहिल्या आठवड्यात दोनदा गेले. दुसऱ्यात एकदा. तिसऱ्यात पाऊस होता. सध्या एकदाच जमतं, बुधवारी, माहेरी जाताना. पण फुटपाथवर गाडी लावणं पूर्ण बंद केलं आहे, मग पाच मिनिटं जास्त चालावं लागलं तरी. आणि आमच्या भिशीतर्फे छोट्या बसची मागणी करणारं एक पत्र आम्ही लिहिलं आहे. त्यावर ‘रस्ता मोकळा झाला की माझी ॲक्टिव्हा सुसाट’ म्हणणारीचीही सही आहे, सगळ्यात वर. तुमच्या भागात असं पत्र लिहायचं असेल तर मला कळवा, मजकूर पाठवते.

लेकीला आजीच्या मेट्रोची गोष्ट फोनवर सांगितली. ती म्हणाली, “पाच वर्षांनी मी खराडीत नसले तरी आजी खडकवासल्याहून बसेल ना थेट?” तेव्हा आजी एक्क्याऐंशीच्या होतील. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत असताना सासूबाई नेहमीच्या जागेवर बसून नियम धरत होत्या. पुटपुटणं मला पाठ आहे, कान तिकडे नसतात. पण त्या दिवशी एका जागी त्या थांबल्या, बोटं मोजली, आणि म्हणाल्या, “वाहन तीन.”